सांध्यावरचा निळा रंग काय सांगतो

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर कोरेगाव भीमा, सणसवाडीपासून रांजणगावपर्यंतच्या पट्ट्यात कारखानदारी वाढली, तसे फॅब्रिकेशनचे कामही वाढले. अशा शेडमध्ये स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याला आर्गॉन वेल्डिंग झाले की सांध्याच्या दोन्ही अंगांना रंगांचे पट्टे उमटतात. सांध्यालगत निळा, मग जांभळा, तपकिरी, फिकट पिवळा आणि त्यापुढे पत्र्याची मूळ चकाकी. ग्राहकाला जॉब चकचकीत हवा असतो, म्हणून बहुतेकदा हे पट्टे डाग समजून बफिंगने घालवले जातात. माझ्या मते ते मोजमाप आहे आणि पुसण्याआधी ते वाचले पाहिजे.

स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा थर हवेतच आपोआप धरतो. तो जेमतेम दोन-तीन नॅनोमीटरचा, रंग दाखवायला फारच पातळ. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कितीतरी पटींनी जाड होतो. मग प्रकाशाचा काही भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो आणि काही भाग आत शिरून खालच्या धातूवरून. दोन्ही लहरी पुन्हा एकत्र येतात तेव्हा आत जाऊन आलेली थोडी मागे पडलेली असते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला की तो रंग मावळतो. सुरुवातीला आखूड लहरीचा निळा वजा होतो, म्हणून पत्रा पिवळा दिसतो. थर वाढला की हिरवा जातो आणि जांभळा उरतो. आणखी वाढला की पिवळा-तांबडा जाऊन निळा उरतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवरचे रंगही याच न्यायाने येतात. तापवलेल्या पोलादाचे आणि अभ्रकाचे रंग एकाच जातीचे आहेत, हे रॉबर्ट हूकने १६६५ मध्येच मांडले होते. थॉमस यंगने १८०१ पासून लहरींच्या आधारे अशा रंगांचा उलगडा केला.

कुणी म्हणेल, हा तर धातू जळल्याचा रंग. तसे असते तर उष्णतेबरोबर तो नुसता गडद होत गेला असता. इथे पिवळ्यानंतर जांभळा आणि मग निळा येतो, म्हणजे रंगच पालटतो. ऑक्साइड स्वतः थोडा प्रकाश शोषतो हे खरे, पण हा क्रम जाडीमुळेच ठरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डोळ्याच्या अंदाजाला मोजमाप कसे म्हणावे? ३०४ जातीच्या स्टीलवर हवेत साधारण २९० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा आणि ६०० अंशांच्या सुमाराला गडद निळा येतो, पण किती वेळ तापले यावरही ते अवलंबून असते. म्हणून रंगावरून नेमके तापमान सांगता येणार नाही. थर किती वाढला, हे मात्र कळते, आणि गंजाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी१८.२ या मार्गदर्शिकेत नळीच्या आतल्या सांध्यांच्या रंगांचे दहा नमुने आहेत. आर्गॉनमध्ये दहा लाखांत १० भाग ऑक्सिजन असताना जवळजवळ स्वच्छ दिसणारा सांधा २५,००० भागांना किती काळवंडतो, हे त्यांवरून नुसत्या नजरेने पडताळता येते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: शेवटी पुसायचेच, तर वाचायचे कशाला? कारण थराला लागलेले क्रोमियम खालच्या धातूतूनच आलेले असते. निळ्या पट्ट्याखालचा धातू तेवढा दुबळा होतो आणि दुधाच्या टाकीत किंवा खारट पाण्यात गंजाची सुरुवात तिथूनच होऊ शकते. वरवरच्या बफिंगने रंग जातो, पण हा दुबळा पापुद्रा राहू शकतो. नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची पिकलिंग पेस्ट दोन्ही काढते. मात्र ती त्वचेतून आत भिनून घातक ठरू शकते, आणि तिचे धुवण प्रक्रिया न करता ओढ्यात सोडले तर अखेर भीमेलाच जाऊन मिळेल. त्यामुळे रंग मुळात येऊच न देणे, म्हणजे सांध्याच्या मागच्या बाजूनेही आर्गॉन सोडणे, हाच शहाणपणाचा मार्ग. ड्रॉइंगवर वेल्डच्या मापांसोबत ‘फिकट पिवळ्यापुढे रंग चालणार नाही’ एवढी एक ओळ लिहिली, तर तपासणी बफिंगच्या आधीच, वेल्डरच्या डोळ्यांसमोर होईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. वेल्डरच्या नजरेला तपासणीत अधिकृत जागा द्यावी लागेल, एवढेच.