किनाऱ्यावरून दिसलेली जहाजं
ऑस्ट्रेलियन कलाकार ट्रेसी मॉफॅट यांनी २०१७ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात मांडलेली ‘द व्हाइट घोस्ट्स सेल्ड इन’ ही छोटी चित्रफीत जाणूनबुजून अशक्य आहे: २६ जानेवारी १७८८ रोजी सिडनीच्या बंदरात शिरणारी ब्रिटिश जहाजं जणू तिथल्या आदिवासींनीच चित्रित केली! सिनेमा आला १८९५ च्या सुमारास, मग हा बनावट पुरावा इतिहासाशी बेइमानी नाही का? मला तसं वाटत नाही. बनाव इतका उघड आहे की फसणार कोण? उलट, ‘ही भूमी कुणाचीच नव्हती’ हा ब्रिटिश वसाहतीचा खरा बनाव कायद्याच्या भाषेत होता, आणि तो ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आदिवासींच्या जमीनहक्काच्या माबो खटल्यात नाकारला तो थेट १९९२ साली. शिवाय, चित्रण करायला किनाऱ्यावर आधीपासून कुणीतरी उभं असावं लागतं.