स्टोव्ह, सुवाह्य
स्टोव्ह, सुवाह्य : एका माणसास सहज उचलून नेता येईल व उघड्यावर किंवा आपत्काली कोठेही मांडून स्वयंपाक करता येईल, असे ज्वलनसाधन. इंधन साठविण्याची टाकी, ज्वालक व भांडे ठेवण्याची तिवई हे त्याचे मुख्य भाग होत.

खानदेशात उघड्यावर रांधण्याची परंपरा जुनी आहे. हिवाळ्यात शेतात पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) जाळावर वांगी भाजून केलेले भरीत सर्वपरिचित आहे. सुरत–धुळे–नागपूर हमरस्त्यावरील पारोळा (जि. जळगाव) यासारख्या गावांच्या परिसरात मालमोटारींचे चालक रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून जेवण रांधीत आले आहेत. मुक्ताईनगरहून आषाढीसाठी निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी सु. महिनाभराच्या वाटचालीने पंढरपुरास पोहोचते. अशा दिंड्यांबरोबर स्वयंपाकाची साधने मुक्कामोमुक्कामी न्यावी लागतात. तीन दगडांच्या चुलीत इंधनातील उष्णतेपैकी सु. १०–१५ टक्केच भांड्यास मिळते व पावसात ओले सरपण पेटत नाही. म्हणून अशा प्रसंगी स्टोव्ह उपयुक्त ठरतो.

प्रकार व कार्य : फ्रान्स व्हिल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ मध्ये स्वीडनमध्ये प्रायमस हा दाबाचा बिनवातीचा स्टोव्ह तयार केला. नान्सेन यांनी आपल्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत (१८९३–९६) तो वापरला. यात पंपाने टाकीत हवा भरली असता दाबामुळे रॉकेल नळीतून वर चढते, तापलेल्या ज्वालकात त्याची वाफ होते आणि ती बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडून हवेत मिसळते व निळ्या ज्योतीने जळते. ज्वालक आधी तापविणे आवश्यक असते. त्यासाठी वाटीत स्पिरिट जाळतात किंवा काकडा लावतात. पुरेसा न तापलेल्या ज्वालकातून वाफेऐवजी द्रव रॉकेल बाहेर येते व भडका उडतो. वातीच्या स्टोव्हमध्ये दाब नसतो. वातींनी वर ओढलेले रॉकेल छिद्रयुक्त नळकांड्यांमध्ये जळते. हा स्टोव्ह हाताळण्यास सोपा, पण वाऱ्यात कमी उपयोगी असतो.

उज्ज्वला योजनेनंतर (२०१६) ग्रामीण घरांत द्रवीकृत खनिज तेल वायूचा प्रसार वाढला आणि शिधापत्रिकेवरील रॉकेल कमी होत गेले. घरगुती टाकीत १४·२ किग्रॅ. वायू असतो. प्रवासास ५ किग्रॅ.ची लहान टाकी सोयीची पडते. गिर्यारोहक ब्युटेन व प्रोपेन यांच्या मिश्रणाच्या छोट्या डब्या वापरतात. ब्युटेनचा उकळबिंदू सु. –०·५° से. असल्याने कडाक्याच्या थंडीत केवळ ब्युटेनची पुरेशी वाफ होत नाही. प्रोपेनचा उकळबिंदू सु. –४२° से. असल्याने मिश्रणाने ही अडचण कमी होते.

इंधनाचा अंदाज : २५° से. तापमानाचे एक लिटर पाणी उकळण्यास सु. ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. रॉकेलच्या उष्णतेपैकी निम्मी भांड्यास मिळते असे धरल्यास त्यासाठी सु. २० मिलि. रॉकेल पुरते. भांड्यावर झाकण ठेवणे, डाळ आधी भिजविणे व वाऱ्यास आडोसा करणे यांनी इंधन वाचते. मात्र डबीवरच बसविलेल्या ज्वालकाभोवती पूर्ण आडोसा करू नये. तसे केल्यास डबी तापून फुटण्याचा धोका असतो.

दक्षता : भारतीय मानकानुसार रॉकेलचा प्रज्वलनांक (ज्या तापमानास द्रवावरील वाफ ठिणगीने पेट घेते ते तापमान) किमान ३५° से. असावा लागतो. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४०° से.च्या वर जातो. त्यामुळे उन्हात ठेवलेल्या डब्यातील रॉकेलवर पेट घेण्याजोगी वाफ साठू शकते. डबा सावलीत ठेवावा. पेटत्या वा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल भरू नये. पेट्रोलची थोडी भेसळही घातक असते, कारण त्याची वाफ थंडीतही पेट घेते. छिद्र तुंबले असता हवा भरत न राहता चावी सैल करून दाब काढावा, स्टोव्ह निवू द्यावा व मग पिनेने छिद्र साफ करावे. स्टोव्हजवळ काम करताना सुती कपडे वापरावेत व पदर खोचून घ्यावा.

द्रवीकृत खनिज तेल वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत व खोलगट भागात साचतो. गळती काडी पेटवून नव्हे, तर साबणाचा फेस लावून तपासावी. कोणताही स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी बंद तंबूत वा खोलीत पेटवू नये. अपुऱ्या हवेतील ज्वलनाने निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन असून झोपेतच प्राण घेऊ शकतो. पूर किंवा भूकंप यांसारख्या आपत्तीत आश्रयस्थानी दाटी असते, म्हणून ही दक्षता तेथे विशेष महत्त्वाची ठरते. आपत्तीसाठी स्टोव्ह ठेवावयाचा असल्यास तो अधूनमधून पेटवून पाहावा. कोरडी पडलेली पंपाची चामडी वाटी, तुंबलेले छिद्र किंवा भेगाळलेली रबरी नळी हे दोष ऐन वेळी कळून उपयोग नसतो.