‘काही बदलू नका, आवाज जाईल!’

जुना व्हॉल्व्हचा बेस ॲम्प घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला हाच मिळतो. विकणारा देतो, बँडमधले मित्र देतात, ज्यांनी आयुष्यात सोल्डरिंग गन हातात धरलेली नाही तेही देतात. ‘सगळं ओरिजिनल आहे, आतल्या एका तारेलाही हात लागलेला नाही’ असं सांगून तर किंमत वाढवली जाते. साठ वर्षांच्या ॲम्पबद्दल हे कुणी अभिमानानं सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण याचा सरळ अर्थ असा, की आतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर साठ वर्षांचे आहेत आणि मेन्सची वायर दोन पिनांची आहे.

उदाहरण म्हणून १९६४ सालचा फेंडर बेसमन घेऊ. फेंडरनं १९५१मध्ये प्रिसिजन बेस आणला आणि त्याला साजेसा ॲम्प म्हणून १९५२मध्ये बेसमन आला. पन्नासच्या दशकाअखेरचं त्याचं चार स्पीकरचं मॉडेल पाहून लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला मार्शल ॲम्प तयार झाला, एवढं या घराण्याचं वजन. १९६४चं मॉडेल म्हणजे काळ्या पट्टीचं वेगळं हेड, त्यात ६एल६जीसी हे दोन पॉवर व्हॉल्व्ह आणि ताकद सुमारे ५० वॉट. भारतात हा ॲम्प येतो तो बहुधा परदेशात राहिलेल्या कुणाच्या तरी सामानातून.

याच्या चेसिसवर चार-पाच स्क्रूंनी बसवलेली पत्र्याची एक उथळ थाळी असते. ती काढली की खाली फिल्टर कॅपॅसिटर ओळीनं दिसतात: ७० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये जोडलेले आणि बाकीचे २० मायक्रोफॅरड, ५२५ व्होल्टचे. आत ॲल्युमिनियमची फॉइल, तिच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आणि मध्ये ओलसर इलेक्ट्रोलाइट. वीज अडवण्याचं काम तो ऑक्साइडचा थर करतो. ॲम्प वर्षानुवर्षं बंद पडून राहिला की तो थर विरत जातो आणि इलेक्ट्रोलाइट सुकतो. म्हणजे ‘फारसा वाजवलेलाच नाही, कपाटात होता’ ही खरं तर काळजीची बाब आहे. कॅपॅसिटर बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीचं डेटाशीट उघडा. कमाल तापमानाला आयुष्य किती, ते तिथं तासांत दिलेलं असतं, साधारण काही हजार तास. तापमान कमी असेल तर ते बरंच वाढतं, पण साठ वर्षांची हमी कुणीही दिलेली नाही.

आता ‘आवाज जाईल’ याकडे वळू. सुकलेला कॅपॅसिटर डीसी पुरवठ्यातली लहर पूर्ण गाळू शकत नाही. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झची, म्हणून ही लहर १०० हर्ट्झची असते. ए तारेवर बाराव्या फ्रेटवर बोट ठेवा. तो स्वर ११० हर्ट्झचा. लहर त्यात मिसळली की दोन्हींची बेरीज-वजाबाकी होऊन २१० आणि १० हर्ट्झचे उपरे सूर तयार होतात. स्वराचा स्वतःचा वरचा सूर २२०चा, आणि त्याच्या शेजारी हा बेसूर २१०. जोरात वाजवल्यावर मूळ स्वरामागे काहीतरी किरकिरतं, तार जुळलेली असूनही बेसूर वाटते, ते यामुळे. याला ‘विंटेज कॅरेक्टर’ म्हणणारे लोक मला भेटले आहेत. हा बिघाड आहे. हा ॲम्प १९६४मध्ये कारखान्यातून बाहेर पडला तेव्हा असा वाजत नव्हता. मूळ आवाज हवा असेल, तर तो नवे कॅपॅसिटर घातल्यावर ऐकू येईल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे कॅपॅसिटर एकटे मरत नाहीत. गळका कॅपॅसिटर गरम होतो, जास्त करंट ओढतो आणि तो करंट येतो पॉवर ट्रान्सफॉर्मरमधून. ‘मग फ्यूज उडेल ना’ असं उत्तर मला दर वेळी मिळतं. पूर्ण शॉर्ट झाला तर उडेल. पण अर्धवट गळतीत फ्यूज शांत बसतो आणि ट्रान्सफॉर्मर तासन् तास शिजत राहतो. बायसचा कॅपॅसिटर तर आकारानं छोटा, म्हणून अनेक जण विसरतात. पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर सुमारे ५० व्होल्टचा ऋण दाब असतो, तो या कॅपॅसिटरमुळे टिकतो. तो दाब गेला की व्हॉल्व्हवर लगामच उरत नाही, आतली प्लेट लालभडक होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही धोक्यात येतो.

आवाजाचा आणि किमतीचा खरा ठेवा असतो तो या दोन ट्रान्सफॉर्मरांत, मूळ स्पीकरांत आणि कॅबिनेटमध्ये. विंटेज गाडी घेणारा कुणीही ‘टायर १९६४चेच ठेवा’ म्हणत नाही. ॲम्पच्या बाबतीत मात्र शे-दोनशे रुपयांचा झिजणारा भाग जपायचा आणि जो पुन्हा मिळणार नाही तो जाळायचा, असा उलटा हिशेब चालतो. ज्याला ओरिजिनलची खरी कदर आहे, त्यानं हे कॅपॅसिटर आधी बदलायला हवेत. काढलेले जुने भाग पिशवीत घालून कॅबिनेटमध्ये ठेवा आणि ॲम्प विकाल तेव्हा सोबत द्या. जाणकार गिऱ्हाइकाला नव्या फिल्टर कॅपॅसिटरचं वावडं नसतं.

सरसकट सगळंच उपटा, असंही मी म्हणत नाही. सिग्नलच्या वाटेतले कपलिंग कॅपॅसिटर वेगळ्या जातीचे. त्यांत ओलसर काही नसतं. त्या काळच्या फेंडरमधले निळे कॅपॅसिटर आजही बहुधा ठणठणीत निघतात. पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर डीसी गळत नाही ना, हे मीटर लावून पाहावं. गळत नसेल तर हात लावू नये. आवाजाचा पोत ज्याला म्हणतात, त्यात यांचा वाटा आहे.

ओरिजिनलच्या याच हट्टातून दोन पिनांची वायरही जपली जाते, आणि तिथं मला धीर धरवत नाही. या ॲम्पमध्ये मेन्सची एक बाजू आणि चेसिस यांच्यामध्ये ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर असतो. मागचा ग्राउंड स्विच फिरवला की बाजू बदलते. हा कॅपॅसिटर शॉर्ट झाला तर मेन्स थेट चेसिसवर येते आणि तिथून गिटारच्या तारांवर. हात तारांवर आणि ओठ अर्थ असलेल्या माइकला लागले, की मधला रस्ता तुमच्या छातीतून जातो. अमेरिकी तंत्रज्ञ या भागाला ‘डेथ कॅप’ म्हणतात. ही अतिशयोक्ती वाटत असेल त्यांच्यासाठी दोन नावं देतो. स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२मध्ये स्वान्सी इथं अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६मध्ये घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्यानं गेला. कारण पुन्हा अर्थिंगच. तेव्हा तीन पिनांची वायर घाला, तिची हिरवी तार चेसिसला पक्क्या बोल्टनं जोडा आणि तो कॅपॅसिटर काढून टाका. आवाजात तिळाचाही फरक पडत नाही, कारण तो आवाजाच्या वाटेतच नाही.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. ॲम्प ११७ व्होल्टचा आणि भिंतीत २३०. स्टेप-डाउन लागतो, आणि बाजारातल्या बऱ्याच स्वस्त स्टेप-डाउनच्या आउटपुटला अर्थची पिनच नसते. मग तुमची नवी तीन पिनांची वायर शोभेची ठरते. घेताना भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थपासून आउटपुटच्या अर्थपर्यंत मीटरनं कंटिन्यूइटी तपासा. ११० व्होल्टचा आउटपुट मिळाला तर उत्तम. ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो, त्यामुळे दाब थोडा कमी असलेला बरा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘व्हेरिॲकवर, म्हणजे दाब कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, हळूहळू चढवला की जुने कॅपॅसिटर बरे होतात.’ ऑक्साइडचा थर थोडाफार सावरतो, सुकलेला इलेक्ट्रोलाइट परत येत नाही. पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावा. क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भगभगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

‘व्हॉल्व्हचे ५० वॉट म्हणजे ट्रान्झिस्टरचे २००.’ वॉट तेवढाच असतो. व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर गेला तरी कानाला गोड वाटतो, म्हणून तो जास्त ताणता येतो, इतकंच. जोरकस ड्रमरशेजारी स्वच्छ बेस हवा असेल तर ५० वॉटचा बेसमन अपुरा पडतो. म्हणून तर १९६९मध्ये ॲम्पेगनं १४ व्हॉल्व्हचा, ३०० वॉटचा एसव्हीटी काढला. तो घ्यायचा तर उचलायला दोन माणसं हवीत, हेही धरून चाला.

‘घेतल्याबरोबर सगळे व्हॉल्व्ह बदला.’ प्रीॲम्पचे १२एएक्स७ दशकानुदशकं चालतात. टेस्टरवर लावून मगच ठरवा.

‘स्पीकर नसेल तरी नुसता चालू करून बघायला काय हरकत आहे?’ फार मोठी हरकत आहे. लोडशिवाय सिग्नल गेला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड दाब उसळून त्याचं इन्सुलेशन फुटू शकतं.

‘मागच्या कागदावर १९६४ आहे म्हणजे ॲम्प १९६४चा.’ कागद बदलता येतो. त्यावर ‘एनके’ असा शिक्का असेल तर पहिलं अक्षर वर्षाचं, १९५१ म्हणजे ए धरून, आणि दुसरं महिन्याचं: नोव्हेंबर १९६४. मग ट्रान्सफॉर्मरवरचे आकडे वाचा. ६०६-४-४१ म्हणजे शूमाकर कंपनी, १९६४, ४१वा आठवडा. स्पीकरवर २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, १३७ म्हणजे सीटीएस. हे सगळे काही महिन्यांच्या अंतरात बसत असतील तर भाग मूळचे आहेत असं मानायला जागा आहे. ‘ओरिजिनल’चा भाव मागणाऱ्याकडून तपासून घ्यायचं ते हे.

‘प्लग काढला की ॲम्प सुरक्षित.’ मुळीच नाही. फिल्टर कॅपॅसिटर चार्ज धरून ठेवू शकतात, आणि तो ४०० व्होल्टच्या वर असू शकतो. हा चार्ज उतरवण्यासाठी बसवलेला रेझिस्टर तुटलेला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. एक हात खिशात ठेवून, इन्सुलेट केलेल्या क्लिपांनी जाडसर रेझिस्टर लावून चार्ज उतरवा आणि प्रत्येक कॅपॅसिटरवर मीटर धरून आकडा शून्याजवळ आल्याचं डोळ्यांनी पाहा. हे जमणार नसेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करून व्हॉल्व्हवर काम केलेला कारागीर शोधा. तो ‘काही बदलायची गरज नाही’ म्हणाला तर ॲम्प उचला आणि पुढच्या दुकानात जा.