लंडन ते लंडन, व्हाया मुंबई

असे समजा की तुमची आजी मावशीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून लंडनला निघाली आहे. बरोबर डिंकाचे लाडू आहेत, औषधांची पिशवी आहे आणि मोबाइल फोनही आहे. विमानतळावर मावशी भेटेपर्यंत या फोनचाच काय तो आधार. पण कोणीतरी तिला बजावलेले असते, "तिकडे फोन सुरूच करू नका, फार बिल येते!" आजी बिचारी फोन बंद करून पर्समध्ये ठेवते; आणि मग मावशी एका दाराशी, आजी दुसऱ्या दाराशी!

हे बिल एवढे का येते? लंडन लांब आहे म्हणून? गंमत अशी की अंतराचा आणि बिलाचा संबंध फार थोडा आहे. तो कसा, हे समजायला आधी सिम कार्ड म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

सिम कार्ड हा नखाएवढा एक संगणकच असतो. त्यात साधारणपणे १५ अंकी ओळखक्रमांक असतो. हा तुमचा फोन नंबर नव्हे, बरे का! त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५, ब्रिटनसाठी २३४. पुढचे अंक कंपनी आणि ग्राहक सांगतात. याशिवाय सिममध्ये एक गुप्त किल्ली असते. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या. तिची दुसरी प्रत फक्त तुमच्या कंपनीजवळ असते.

आता आजीने लंडनला फोन सुरू केला. तिथल्या मनोऱ्याला ४०४ दिसले. "ही बाई आपली नव्हे, भारतातली," हे त्याला कळले. मग ब्रिटिश कंपनी भारतातल्या कंपनीला विचारते, "ही ग्राहक तुमचीच ना?" परगावच्या परीक्षा केंद्राने तुमच्या शाळेकडे चौकशी करावी, तसेच हे. भारतातली कंपनी एक गणित पाठवते आणि त्याचे अपेक्षित उत्तरही. गणित सिमकडे जाते, सिम किल्ली वापरून ते सोडवते. उत्तर जुळले की आजीला प्रवेश! किल्ली स्वतः मात्र कधीच हवेतून प्रवास करीत नाही. हा सारा व्यवहार पुरा व्हायला फार तर काही सेकंद लागतात. परक्या जाळ्यात असे पाहुणे म्हणून वावरणे, याचेच नाव रोमिंग. दोन देशांतील कंपन्यांमधला असा पहिला करार १९९२ साली फिनलंड आणि ब्रिटन यांच्यातील कंपन्यांत झाला.

पाहुणा असल्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते. आजीबरोबर शेजारच्या काकूही लंडनला गेल्या आहेत, आणि दोघींचे सिम भारतातलेच आहे असे धरा. विमानतळावर चुकामूक झाली म्हणून आजीने काकूंना फोन लावला. काकू पन्नास पावलांवर उभ्या आहेत. पण काकूंचा नंबर भारतातला. म्हणून आजीचा आवाज आधी मुंबईच्या केंद्रात येतो. तिथे नोंदवही पाहिली जाते, "काकू सध्या लंडनला आहेत," आणि आवाज पुन्हा लंडनला रवाना होतो. पन्नास पावलांसाठी चौदा हजार किलोमीटर! शिवाय जातानाचा खर्च आजीच्या माथी आणि परतीचा काकूंच्या. आलेला फोन घेतल्याबद्दलही पैसे पडतात ते यामुळेच.

या वाटेवर ब्रिटिश कंपनी, मधली आंतरराष्ट्रीय तारवाली कंपनी आणि आपली कंपनी असे तीन मालक आहेत. प्रत्येक जण आपला आकार लावतो. तो आकार विजेच्या किंवा तारेच्या खर्चावरून नव्हे, तर आपसातल्या करारावरून ठरतो. याचा पुरावा हवा असेल तर युरोपकडे पाहा. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या प्रवाशाला संघातल्या दुसऱ्या देशात फिरताना घरच्याच दराने फोन वापरता येऊ लागला. लिस्बन ते हेलसिंकी हे अंतर काही त्या रात्रीत आटले नव्हते!

मग उपाय काय? उघड आहे, पाहुणे राहायचेच नाही. लंडनला उतरून तिथले प्रीपेड सिम घेतले की आजी तिथली रहिवासी झाली. दुसरा उपाय प्रवासी सिमचा. हे इथूनच विकत घेता येते. ई-सिम असेल तर कार्डसुद्धा लागत नाही, माहिती फोनमध्ये उतरवून घेतली की झाले. यातली बरीच सिमे खरे पाहता तिसऱ्याच एखाद्या देशातली असतात, म्हणजे तीही पाहुणीच! पण विकणाऱ्याने इंटरनेट घाऊक भावात घेतलेले असते, आणि पैसे आगाऊ भरल्यामुळे ते संपले की सेवा थांबते. बिल फुगत नाही. मला स्वतःला या सिमचा हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो. मात्र पुष्कळ प्रवासी सिमांवर फक्त इंटरनेट मिळते, साधा फोन नाही.

तरी बोलता येते, कारण आवाजही शेवटी आकड्यांत मांडता येतो. इंटरनेट कॉलमध्ये फोन तुमच्या आवाजाचे सेकंदाला साधारण ५० तुकडे करतो. एका तुकड्यातला आवाज दाबून बसवला की समजा ६० बाइट होतो. त्यावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, क्रमांक वगैरे लिहावे लागते. त्याचे ४० बाइट. (पत्राच्या मानाने पाकीटच जड म्हणायचे!) म्हणजे एक तुकडा १०० बाइटचा, सेकंदाला ५००० बाइट, मिनिटाला ३ लाख. दोन्ही बाजूंचे बोलणे धरले तर ६ लाख बाइट. तासभर गप्पा मारल्या तर ३६ मेगाबाइट झाले. एका गिगाबाइटमध्ये सत्तावीस तासांहून अधिक! मात्र चित्र सुरू केले की हा हिशेब कितीतरी पटींनी वाढतो.

या तुकड्यांना ते पुण्याला चालले की पुढच्या गल्लीत, याचे काही देणेघेणे नसते. पैसे बाइटचे पडतात, किलोमीटरचे नाहीत.

पण वेळ मात्र लागतो, आणि इथे पदार्थविज्ञान आडवे येतेच. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. लंडन-मुंबई सरळ अंतर ७२०० किलोमीटर, म्हणजे एका खेपेला ३६ मिलिसेकंद. रोमिंगमध्ये बहुधा इंटरनेटचे तुकडेही घरच्या कंपनीमार्गेच फिरवले जातात. लंडनमधल्या आजीने लंडनमधल्याच संगणकाला काही विचारले, तर प्रश्न मुंबईला जाऊन लंडनला आणि उत्तरही तसेच, अशा चार खेपा. १४४ मिलिसेकंद नुसत्या प्रवासातच गेले. प्रत्यक्ष तार वाकडीतिकडी असते, तेव्हा जास्तच. बोलताना एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर कानाला खटकत नाही. त्याहून फार वाढला की दोघेही एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम गप्प होतात. स्थानिक सिमवर हा वळसा वाचतो.

आता फोन तयार करायचे काम घरात बहुधा तुमच्याकडेच येणार, म्हणून थोडे सांगतो. फोन दुसऱ्या कंपनीचे सिम स्वीकारतो ना आणि त्यात दोन सिमे चालतात ना, ते आधी पाहा. ई-सिम घरच्या वाय-फायवरच उतरवून घ्या, कारण तिकडे पोचल्यावर इंटरनेटसाठी इंटरनेट कुठून आणणार? भारतातले सिम काढू नका; बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येतो. फक्त त्या सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवा. हे विसरलात तर आजीने फोनला हातही न लावता तो पर्समध्ये बसल्या बसल्या ॲप अद्ययावत करीत राहील आणि पैसे कापले जातील. व्हॉट्सॲप भारतीय नंबरावर नोंदलेले असले तरी प्रवासी सिमच्या इंटरनेटवर चालते. संयुक्त अरब अमिरातीत मात्र अशा कॉलवर निर्बंध आहेत. विमान दुबईला थांबणार असेल तर तिथून बोलण्याऐवजी संदेश लिहायला आजीला शिकवून ठेवा.

आणि व्हॉट्सॲपवरून पोलीस किंवा रुग्णवाहिका बोलावता येत नाही. ब्रिटनमध्ये त्यासाठी ९९९ किंवा ११२ हा नंबर फोनच्या साध्या डायलवरूनच फिरवावा लागतो. तो कुठे दाबायचा हे आजीला निघण्यापूर्वी प्रत्यक्ष दाखवा. फक्त करून बघायला म्हणून लावू नका, तो खरोखरच लागतो.