भिंत आधी कागदावर येऊ द्या

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला प्लॉट घेतलेली मंडळी माझ्याकडे घराचा नकाशा काढायला येतात. वरच्या अंगाला माती किती फूट उभी आहे, हे मी पहिल्यांदा विचारते. "तिथं कंपाउंडच घालायचंय मॅडम," असं उत्तर आलं की मला धास्ती वाटते.

कंपाउंडला फक्त वारा सोसायचा असतो, माती अडवणाऱ्या भिंतीला, म्हणजे रिटेनिंग वॉलला, मातीचा रेटा. उंची दुप्पट झाली की हा रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. मागे पावसाचं पाणी तुंबलं तर आणखीच. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली, पंधरा माणसं गेली.

१९६६ च्या नगररचना कायद्यात जमिनीवरचं किंवा जमिनीखालचं अभियांत्रिकी काम हा 'विकास'च आहे. त्यामुळे नगरपालिकेची परवानगी आधी, खोदाई नंतर. राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत कंपाउंडला रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर उंची मिळते, वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा ठेवला तर २.४ मीटर. माती अडवणारी भिंत या मापात बसवून पास करून घेऊ नका. तिचा वेगळा छेद काढा, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. एकास पाचपेक्षा तीव्र उतार असेल तर तिथं घराचा विचारच सोडा. खोदलेला मुरूम प्लॉटबाहेर न्यायचा तर तहसीलची परवानगी लागते.

सांगलीत माझी चिंता वेगळी. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. निळ्या आणि लाल पूररेषेच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या किमान ०.४५ मीटर वर हवं. मग भराव येतो, भरावाला भिंत येते, आणि आपलं पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं. तिथली काळी माती भिजली की फुगते. भिंतीमागे ती भरू नका; खडी-मुरूम घाला, पाणी निघायला ओळीनं पाइप सोडा.

दहा फुटी भिंतीचा तळ पाच-सहा फूट रुंद लागतो, आणि तो शेजाऱ्याच्या हद्दीत नेता येत नाही. एवढी जागा आपल्याच प्लॉटमधून जाते. म्हणून घराच्या खोल्या आखण्याआधी मी हा तळ नकाशावर काढून घेते.