दारू सोडताना पहिले चार दिवस जपायचे

श्रावण लागला, गळ्यात माळ घातली किंवा देवासमोर शपथ घेतली, की दारू सुटते असे आपल्याकडे मानले जाते. कधीमधी पिणाऱ्याला त्यात धोका नसतो. पण जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, सकाळी उठल्यावर ज्याला आधी घोट लागतो, त्याने दारू एकाएकी बंद केली तर ते जिवावर बेतू शकते.

याचे कारण मेंदूत आहे. मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा परिणाम दारूमुळे वाढतो, तर उत्तेजित करणाऱ्या 'ग्लुटामेट'चा दबतो. रोज दारू मिळत राहिली की मेंदू आपली उत्तेजना वाढवून तोल सांभाळतो. दारू थांबली, की लगाम जातो आणि वाढलेली उत्तेजना तशीच राहते.

शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना वेळ-जागेचे भान राहत नाही, नसलेले किडे दिसतात, ताप चढतो, रक्तदाब वाढतो. याला 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो.

घरच्यांना मात्र हे बाहेरचे काहीतरी किंवा नाटक वाटते. कुणी त्याला खोलीत कोंडतात. कधी हाड मोडले म्हणून दाखल झालेला रुग्ण तिसऱ्या दिवशी बरळू लागतो, कारण लाजेपोटी त्याचे पिणे डॉक्टरांना कुणी सांगितलेलेच नसते.

यावर उपचार आहेत. डॉक्टर मेंदू शांत करणारी औषधे देऊन त्यांची मात्रा हळूहळू उतरवतात. ही औषधे मनाने घेऊ नयेत. दारूसोबत ती श्वास मंदावू शकतात. 'ब १' जीवनसत्त्वही दिले जाते, कारण त्याच्या अभावाने स्मरणशक्तीचे कायमचे नुकसान होऊ शकते. आधी कधी फिट आली असेल, तर दारू सोडण्याचा प्रयत्न घरी करू नये.

केंद्र सरकारच्या २०१९च्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५.७ कोटींहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे. तरी दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणतेतरी उपचार मिळतात. केंद्राची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. पुण्यात १९८६मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रांत समुपदेशनही होते.

शरीरातून दारू उतरायला आठवडा पुरतो. ती पुन्हा तोंडाला न लावण्यासाठी पुढे कित्येक महिने आधार लागतो. शपथ जरूर घ्यावी, पण त्याआधी डॉक्टरांना भेटावे.