एका घरात दोन चुली

रेशनच्या रांगेत माझ्या पुढं एक म्हातारी उभी होती. तिच्या हातातल्या जुन्या शिधापत्रिकेवर तिसरं नाव लाल शाईनं खोडलेलं होतं आणि शेजारी ‘लग्न झाल्याने कमी’ असा शेरा होता. तेच नाव यादीच्या तळाशी पेन्सिलीनं पुन्हा लिहिलेलं होतं, कुणा लहान मुलाच्या अक्षरात. “लेक परत आली,” म्हातारी म्हणाली. “नातीनं नाव लिवलंय. पण साहेब म्हणतेत, असं चढत नसतं.”

मग कसं चढतं, हे पाहण्यासाठी मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी जायला लागले. तिथं तहसील कचेरीबाहेर, लिंबाखाली, एक बाई टेबल मांडून बसतात. नवऱ्यानं टाकलेल्या किंवा छळाला कंटाळून निघून आलेल्या बायकांचे अर्ज त्या भरून देतात. सगळे त्यांना ताई म्हणतात.

समोर बसलेल्या बाईला ताई आधी एकच प्रश्न विचारतात, “तुझं नाव आत्ता कुणाच्या कार्डावर आहे?” मारहाण, पोटगी, पोलीस यांची विचारपूस त्यानंतर. पहिल्यांदा ऐकताना मला हा प्रश्न कोरडा वाटला होता. पण परत आलेल्या लेकीचं आणि तिच्या लेकरांचं पोट त्या उत्तरावरच अवलंबून असतं.

त्या दिवशी समोर बसलेली मुलगी तिशीच्या आतली होती. दोन लेकरं, वडील वारलेले, आई पासष्टीच्या पुढची. आईचं कार्ड अंत्योदयचं. मुलीचं आणि लेकरांचं नाव सासरच्या केशरी कार्डावर, प्राधान्य कुटुंब योजनेत.

ताईंनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, म्हणजे या तिघांचं 15 किलो. ते सासरी चाललंय, कारण कार्डावरच्या कुणाही एकाचा अंगठा मशीनवर उमटला की सगळ्या घराचं धान्य उचलता येतं. अंत्योदयला मात्र कार्डामागं 35 किलो, घरात एक माणूस असो की आठ. तिघांची नावं आईच्या कार्डावर चढवली तरी 35 किलोचे 36 होणार नाहीत. इतके दिवस एका म्हातारीचं असलेलं धान्य आता चौघांत वाटायचं.

“मग नाव कमी करून वेगळं कार्ड काढायचं,” मी म्हणाले.

“काढायचं ना. पण आधी तिकडून नाव निघालं पाहिजे.” नाव कमी करण्याचा अर्ज नमुना 9, वाढवण्याचा नमुना 8. कार्ड सासऱ्याच्या ताब्यात आणि तो म्हणतो, नांदायला आली तर कार्ड दाखवतो. ताईंनी त्यावर उपाय काढलेला आहे. मुलीचं आधार त्या कार्डाला जोडलेलं असल्यानं ती राज्यातल्या कुठल्याही दुकानात अंगठा लावून आपल्या वाटचं धान्य उचलू शकते. “महिना लागला की पहिल्याच दिवशी जायचं. सासऱ्याच्या आधी तुझा अंगठा लागला पाहिजे,” ताईंनी बजावलं. मुलीनं मान हलवली आणि पोराच्या हातातला शाईचा डबा काढून घेतला.

दाखले, झेरॉक्स, फोटो, प्रतिज्ञापत्र यांत दुपार गेली.

पैशाचा प्रश्न त्याहून अवघड. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटाचा खटला चालू असलेल्या आणि घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेल्या बायका बसतात. अनुदान महिन्याला 1500 रुपये. अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत हवं. आईला श्रावणबाळ योजनेतून 1500 मिळतात, तिलाही तीच अट. दिव्यांगांसाठी मर्यादा 50 हजार आहे, पण या दोघींना 21 हजारच.

ताई तो आकडा दिवसभर उच्चारत असतात. “एकवीस हजार. वर्षाचे, बरं का, महिन्याचे नव्हे.” महिन्याला 1750 रुपये झाले. इथं खुरपणीला बायकांना तीनशे रुपये रोज पडतो; सत्तर दिवस रानात गेलं की 21 हजार भरले. उरलेले दोनशे पंच्याण्णव दिवस तिनं काय खायचं, याला त्या अटीत उत्तर नाही. 2019 साली अनुदान 600 वरून 1000 झालं, 2023 मध्ये 1500 झालं. अनुदान वाढलं तरी एकवीस हजारांची अट तिथंच राहिली. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे.

कारण लेक परत येते ती हात-पाय चालणारी, कमावती बाई म्हणून. ती आईच्या कार्डावर आली की तिची मजुरी आईच्या घरात धरली जाईल, ही धास्ती प्रत्येक आईला असते. या आईलाही होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “लेकीला नाही म्हणवत नाही. पण माझं पंधराशे बंद झालं तर औषधाला कुठून आणू?” म्हातारीच्या मनात लेकीविषयी काडीचा राग नव्हता. तिला भीती दाखल्याची होती.

म्हणून ताई सल्ला देतात तो एकच: चूल वेगळी करा. विभक्त कुटुंब ठरलं की कार्ड वेगळं, उत्पन्नाचा दाखला वेगळा, आईच्या अनुदानाला धक्का नाही. नियमात बसणारं आणि सरळ आहे. पण ‘चूल वेगळी’ हे चौकशीला येणाऱ्याला दिसावं लागतं.

मी त्या घरी गेले तेव्हा तलाठी दुसऱ्या दिवशी येणार होते. घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं पडवी. खोलीत आईची चूल पेटलेली, तिच्यावर चौघांचं पिठलं शिजत होतं. पडवीच्या कोपऱ्यात म्हातारीनं सकाळीच दुसरी चूल घातली होती. माती अजून ओली होती आणि बोटांचे वळ उमटलेले होते. पडवीभर ओल्या मातीचा आणि शेणाचा वास होता. नव्या चुलीशेजारी दोन पातेली, एक तवा, मिठाची बरणी. मुलगी तवा उचलून पुन्हा पुन्हा जागा बदलत होती. “उद्या सकाळी इथं भाकरी थापायची,” आईनं तिला सांगितलं, “आन् जेवायला आत ये.”

त्या घरानंतर मी ताईंकडं कितीतरी बायका पाहिल्या, पण ओल्या मातीचा तो वास काही जात नाही. सासर सोडून आलेल्या लेकीला आई आपल्या ताटातली भाकरी मोडून देते. उत्पन्नाच्या अटीमुळं त्याच दोघींना एकमेकींचं खात नाही हे सिद्ध करावं लागतं. म्हातारी खोटं बोलत नव्हती. मुलगी आपल्या मजुरीतून लेकरांचं भागवत होती आणि आई जमेल तेवढं घालत होती. गरिबाघरी असंच चालतं. अर्जात मात्र एक कुटुंब किंवा दोन कुटुंबं, एवढंच लिहायला जागा आहे.

चूल मान्य झाली. सासरच्या कार्डातलं नाव प्रतिज्ञापत्रावर आणि तहसीलच्या पत्रावर काही महिन्यांनी निघालं. वेगळं कार्ड मिळालं, पण त्यावर धान्य लगेच सुरू झालं नाही, कारण इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरवून दिलेला आकडा, शिल्लक नव्हता. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राला 7 कोटींच्या आसपास लाभार्थ्यांची मर्यादा घालून दिली आहे, आणि ती 2011 च्या जनगणनेवर बेतलेली आहे. तिच्या आत जागा झाली तरच नवं नाव बसतं. सासरी असताना तिची आणि लेकरांची तीन नावं त्याच मर्यादेत मोजली जात होती. माणसं तीच आहेत, फक्त गाव बदललं. नावाबरोबर धान्यही माहेरी यायला हवं होतं.

लाडकी बहीण योजनेतही तिचं असंच अडलं. सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झालेल्या ई-केवायसीत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जाणार. विधवेकडं मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडं कोर्टाचा कागद. नुसतीच निघून आलेल्या बाईकडं दोन्ही नसतं. ज्या नवऱ्याच्या भीतीनं ती पळाली, त्यालाच ओटीपीसाठी फोन करायचा? तिनं केला नाही, आणि तिनं बरोबर केलं असं मला वाटतं.

निराधारचा अर्ज आता तालुक्याच्या समितीपुढं आहे. ताई दर बैठकीच्या आदल्या दिवशी कचेरीत जाऊन यादीत नाव आहे का ते बघून येतात.

यातल्या बहुतेक अडचणी सुटण्यासारख्या आहेत. माहेरी परतलेली बाई आणि तिची लेकरं हे स्वतंत्र कुटुंब धरावं, मग ती आईच्या चुलीवर जेवो की स्वतःच्या. तिच्या वाटचं धान्य नावासोबत सरकावं, त्यासाठी सासऱ्याच्या हातातलं कार्ड लागू नये. आसरा देणाऱ्या आईचं अनुदान लेकीच्या मजुरीशी जोडू नये. आणि 21 हजारांची मर्यादा आजच्या मजुरीला धरून वाढवावी. अन्नसुरक्षा कायद्यानं घरातल्या सर्वांत मोठ्या सज्ञान स्त्रीला शिधापत्रिकेची कुटुंबप्रमुख मानलं आहे. मग परत आलेल्या लेकीलाही तिच्या लेकरांची कुटुंबप्रमुख मानायला नवा कायदा कशाला हवा? तहसीलच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला तसं स्पष्ट लेखी कळवलं, तरी लिंबाखालची निम्मी रांग कमी होईल.